तीनदा ऐकलेलं गाणं

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आईची एक वही मी जपून ठेवली आहे. खाकी पुठ्ठ्याची, शिवण उसवलेली. तिच्यात ५६ गाणी उतरवलेली आहेत आणि प्रत्येक पानावर दोन अक्षरं दिसतात, एक पेन्सिलीचं आणि एक निळ्या शाईचं. पेन्सिलीच्या ओळींत मधेच एका-एका शब्दाची जागा मोकळी सोडलेली, आणि त्या मोकळ्या जागेत शाईने शब्द भरलेला. लहानपणी मला वाटायचं, आईने शाळेतल्यासारखं ‘गाळलेल्या जागा भरा’ केलंय. एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, पेन्सिल शुक्रवारची आणि शाई शनिवारची.”

ती गाणी गीतरामायणातली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्यातलं पहिलं गाणं लागलं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या. वर्षाचे ५२ आठवडे म्हणून ५२ गाणी व्हायची होती. त्या वर्षी अधिक मास आला आणि ती ५६ झाली. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवं गाणं लागायचं आणि तेच गाणं शनिवारी अन् रविवारी त्याच वेळेला पुन्हा.

आई तेव्हा सोळा वर्षांची. साताऱ्यातल्या ज्या वाड्यात ते राहायचे, तिथे रेडिओ एकच, मालकांच्या ओटीवर, कोनाड्यात. व्हॉल्व्हचा रेडिओ, तापायला वेळ घ्यायचा, म्हणून साडेआठलाच लावून ठेवायचे. सगळी बिऱ्हाडं तिथे जमायची. आई खांबाला टेकून वही मांडीवर घ्यायची. शुक्रवारी हाताला येईल ते लिहायचं, खरखरीत हुकलेल्या शब्दाची जागा सोडायची. दिवसभर विहिरीवर, चुलीपाशी त्यावर वाद. एकीने एक ऐकलेलं, दुसरीने भलतंच. शनिवारी त्या मोकळ्या जागांकडे कान लावून बसायचं. आणि रविवारी वही मिटून नुसतं ऐकायचं.

मला आज बोलायचं आहे ते या रविवारबद्दल. जुनी गाणी आजही का ऐकली जातात, नवी इतकी येत असताना माणूस पुन्हा त्याच गाण्यांपाशी का जातो, याचं मला पटलेलं उत्तर त्या वहीत आहे. त्या गाण्यांना शुक्रवार, शनिवार आणि रविवार मिळाला. आजच्या गाण्याला शुक्रवारसुद्धा पुरता मिळत नाही.

आता कोणी म्हणेल, जुनी गाणी चांगलीच होती, हे एवढं साधं आहे. मला ते तितकं साधं वाटत नाही. त्या काळातही पुष्कळ गाणी आली आणि गेली. जुन्या तबकड्यांचा ढीग ज्यांनी उपसला आहे त्यांना विचारा. दहा तबकड्या लावल्या की एखादीवर हात थांबतो. काळाने चाळून जे ठेवलं तेवढंच आपल्यापर्यंत आलं आहे, आणि आपण त्या निवडक धान्याची तुलना आज खळ्यावर पडलेल्या अख्ख्या राशीशी करतो. हा नव्या मंडळींवर अन्याय आहे, आणि तो माझ्या पिढीने फार केला.

तरीही त्या गाण्यांत काहीतरी होतं, ते नाकारायचं नाही. फडक्यांचं गाणं ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. शब्द कुठेही खाली पडत नाही. जोडाक्षर असो, ऱ्हस्व-दीर्घ असो, ऐकणाऱ्याला अडखळावं लागत नाही. मला वाटतं, यात रेडिओचा वाटा मोठा आहे. ऐकणाऱ्यापुढे चित्र नाही, गायकाचा चेहरा नाही, मध्यम लहरींवर खरखर चालू. अशा वेळी सगळा भार शब्दावर आणि चालीवर. शब्द पोचला नाही तर गाणंच पोचलं नाही. म्हणून चाल शब्दाला वाट करून द्यायची. आणि पाव तास तापवलेल्या त्या डब्याभोवती लहान-थोर बसलेले असल्यामुळे गाणं आजीलाही कळायला हवं आणि नातवालाही म्हणता यायला हवं.

‘पराधीन आहे जगती’ हे गाणं घ्या. चित्रकूटावर राम भरताला समजावतो आहे. आमच्या गल्लीत एका घरी तरणा मुलगा गेला तेव्हा तिथे कोणाला काही बोलता येईना. एक वयस्कर शेजारी आले, त्या वडिलांच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि बऱ्याच वेळाने त्या गाण्याची एकच ओळ, न गाता, नुसती म्हणाले. वडिलांनी मान हलवली. एवढंच. ते गाणं त्या दोघांनाही पाठ होतं, म्हणून पुढचं काही म्हणावं लागलं नाही. जे गाणं दोघांनाही ठाऊक नाही, ते कितीही सुंदर असो, त्या सतरंजीवर उपयोगी पडलं नसतं.

पाठ असणं ही या सगळ्यातली मोठी गोष्ट आहे. रॉबर्ट झायोंक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की नुसत्या ओळखीनेच ती आवडू लागते. आपल्याकडे घराघरांत हे माहीत होतं. पहिल्या दिवशी चाल परकी, तिसऱ्या दिवशी घरची.

पण मग सतरा-अठरा वर्षांची मुलं? त्यांच्या तर या गाण्यांशी आठवणी नाहीत. तरी ‘शुक्रतारा’ लागलं की माझी नात मोबाइल खाली ठेवते. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. तिच्या जन्माच्या चाळीसेक वर्षं आधीचं गाणं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरोल क्रमहान्सल यांनी २०१३ मध्ये विशीतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं आढळलं की मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबरच आईवडिलांच्या तरुणपणीची गाणी विशेष जवळची वाटत होती, आणि त्याआधीच्या, आजी-आजोबांच्या काळाकडेही त्यांचा ओढा दिसला. ही मुलं गाण्याबरोबर घर ऐकत असतात. माझी नात ‘शुक्रतारा’ ऐकते तेव्हा तिला तिची आई पोळ्या लाटताना गुणगुणत असलेली ऐकू येत असणार. असा वारसा कागदपत्रांशिवाय मिळतो.

हे काही आपल्यापुरतं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत जेवढं संगीत ऐकलं गेलं त्यातलं जवळजवळ ७० टक्के ‘जुनं’ होतं. मात्र जुनं म्हणजे काय? तिथल्या हिशेबात दीड वर्षाहून जुनं ते जुनं! दीड वर्षात गाणं म्हातारं ठरतं, हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. आपल्याकडे दीड वर्षात आईची वही पुरी झाली होती, आणि गाणी तर पुढे सत्तर वर्षं चालायची होती.

नव्या गाण्यांची अडचण मला इथे दिसते. मोबाइलवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. मग संगीतकाराला घाई होणारच. सुरुवातीचा वाद्यमेळ आखडतो, ध्रुवपद लगेच हाताशी यावं लागतं, अंतऱ्यापर्यंत कोणी थांबेल याची खात्री नसते. मागे पुढचं गाणं रांगेत उभंच. आणि प्रत्येकाच्या कानात वेगळं गाणं, त्यामुळे विहिरीवरचा वाद नाही, ‘तू काय ऐकलंस?’ हा प्रश्न नाही.

ज्या नव्या गाण्यांना हे मिळालं ती टिकलेली मी पाहिली आहेत. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी २००३ मध्ये ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू केलं आणि गावोगावच्या नाट्यगृहांत लोकांनी तीच गाणी पुन्हा पुन्हा, एकत्र बसून ऐकली. २०१६ मध्ये ‘सैराट’ची गाणी आली, तेव्हा वरातीत, जत्रेत, एसटी स्टँडवर तीच गाणी. आज ती वाजली की पोरं ‘आमच्या वेळची गाणी’ म्हणतात. ऐकताना मला फार आनंद होतो.

गेल्या महिन्यात नातीने मला एक नवं मराठी गाणं पाठवलं. कोणा नव्या मुलांनी घरीच केलेलं. शुक्रवारी ऐकलं. खरं सांगते, काही कळलं नाही. मधला ताल अंगावर आला, दोन शब्द हुकले. पूर्वी मी तिथेच सोडून दिलं असतं. या वेळी आईची वही समोर होती. मी कागद घेतला, पेन्सिलीने ऐकू आलं तेवढं उतरवलं, दोन जागा मोकळ्या ठेवल्या. शनिवारी पावणेनऊला पुन्हा लावलं. एक शब्द सापडला. दुसऱ्यावरून नातीशी फोनवर पंधरा मिनिटं वाद झाला. ती म्हणे ‘ओल’, मी म्हणे ‘ओळ’.

रविवारी कागद बाजूला ठेवला आणि नुसतं ऐकलं. ‘ओल’च होतं.