वळवाच्या पाण्यातलं खत

नमस्कार श्रोतेहो.

वळवाचा पहिला सडाका ओसरला की दारातल्या गटारीकडं जरा बघा. चहासारखं तपकिरी पाणी धावत असतं. त्यात माती असते, कुजका पाला असतो, शेण असतं, कुंड्यांतून वाहून आलेलं खत असतं. या सगळ्यात फॉस्फरस आहे, म्हणजे वनस्पतींचं एक मुख्य खाद्य. गटारीतून तो आपल्या कोल्हापुरातल्या जयंती नाल्यात जातो, तिथून पंचगंगेत. मग केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजलं की आपण ते काढायला धावतो. काढायलाच हवं, पण त्याला जेवू घालणारे आपणच.

नायट्रोजन थोडाफार हवेत तरी उडून जातो. फॉस्फरसला ती वाट नाही. तो तळ्याच्या गाळात बसतो आणि तळाशी ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात उतरतो. लिटरमागं मिलिग्रॅमचा तिसावा भाग झाला तरी तळं हिरवं पडायला लागतं. आणि डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्यात तो असतो सुमारे १० किलो!

म्हणून त्याला वाटेतच अडवायचा. पन्हाळीचं किंवा रस्त्याचं पाणी एका खोलगट वाफ्यात घ्यायचं. खाली वाळू-खडी, वर माती, त्यात वाळा नाहीतर कर्दळ. पाणी दिवसभरात जिरलं पाहिजे. माझ्या पहिल्या वाफ्यात मी हौसेनं दोन पाट्या शेणखत ओतलं. कर्दळ तरारली, पण जे अडवायचं तेच मी भरून ठेवलं होतं! अशा वाफ्यातून फॉस्फरस उलट बाहेर पाझरतो. त्यापेक्षा जांभ्याची तांबडी माती घाला. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतं.

अमेरिकेत मिनेसोटात वाळूच्या गाळणीत वजनाच्या ५ ते ८ टक्के लोखंडी कीस मिसळतात. आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथखाली कीस पडलेलाच असतो. पण त्याला तेल असतं, ते धुतल्याशिवाय वापरू नका. शिवाय ही गाळणी मधूनमधून कोरडी पडायला हवी, नाहीतर धरलेलं सोडून देते.

सगळ्यांत स्वस्त काम मात्र खराट्याचं. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात पानगळीत पावसाआधी रस्त्यावरची पानं उचलली, तर त्या मोसमात वाहून जाणारा फॉस्फरस ८० टक्क्यांहून अधिक घटला. आपल्याकडं पानं झडतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वळवाच्या आधी हाताशी चांगला महिनाभर असतो. तेवढ्यात ती गोळा करून खड्ड्यात घाला. पेटवू नका. धूर तर होतोच, पण फॉस्फरस राखेत उरतो आणि पहिल्याच सरीबरोबर राख गटारीत जाते.