गोधडी काचेमागे

बसा, बसा, मागे खुर्च्या आहेत. पत्रिकेत विषय छापलाय "सोनिया डेलोने आणि रंगांचं शास्त्र", तर शास्त्राकडे येतेच, आधी गोधडी.

२०१५ ला लंडनच्या टेट मॉडर्न कलासंग्रहालयात या चित्रकार बाईंचं मोठं प्रदर्शन होतं. मी लेकीकडे गेले होते म्हणून बघायला मिळालं. भिंतीवर नुसती वर्तुळं नि पट्टे, काचेमागे कापडं, आणि तिथेच ती गोधडी, १९११ ची. मुलगा झाला तेव्हा बाईंनी तुकडे जोडून त्याला पांघरूण शिवलं, युक्रेनमधल्या शेतकऱ्यांच्या घरी पाहिलं होतं तसं. मी नाक लावून बघतेय आणि हात आपोआप पुढे गेला. कापड दिसलं की चिमटीत धरून पोत बघायचा, लक्ष्मी रोडवर कोणी अडवतं का? तिथे अडवलं. "मॅडम, प्लीज." हे शेजारी उभे, म्हणतात, "तुझ्या आईची याहून बरी होती."

आता दुखणं निघालंच आहे तर सांगते. आईची गोधडी जुन्या लुगड्यांची, धावदोरा असा की मोजून घ्यावा, आणि मधोमध माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा चौकोन, कारण तो शाईने खराब झाला होता. तो डाग खालच्या अंगाला घेतला होता हो तिने! एक दिवस ऑफिसमधून येते तर जाऊबाईंनी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतलेला. वर मला म्हणाल्या, "घासाघीस करून मोठा घेतला." त्यांना तरी काय बोलणार, पांघरुणाला कोण चित्र म्हणतं? डबा अजून आहे, झाकण बसत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भरभर सांगते.

बाई मूळच्या चित्रकार, पण गोधडी झाल्यावर त्यांना त्यात क्युबिझम, म्हणजे वस्तूचे तुकडे करून कोनाकोनांत मांडायची चित्रांची रीत, दिसायला लागला आणि मग तीच रीत चित्रात आली. म्हणजे गोधडी आधी. १९१३ चं "बाल बुलिए" हे नाचघराचं चित्र जवळजवळ चार मीटर लांब, आणि काढलंय कशावर, गादीच्या कापडावर! आणि ते शास्त्र, रंग शेजारच्या रंगाने बदलतो हे, तेही कापडातूनच आलेलं. शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ, पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणायच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख, तक्रार आली की काळा रंग फिका पडतो, त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो तसा दिसत होता. त्यांचं पुस्तक १८३९ चं. पुढे रशियात १९१७ च्या क्रांतीत बाईंचं पीटर्सबर्गहून येणारं घरभाडं बंद झालं, मग माद्रिदला दुकान काढलं, कपडे विकले, घर चालवलं. १९६४ ला लूव्रमध्ये प्रदर्शन, जिवंतपणी हा मान मिळालेल्या त्या पहिल्या बाई.

आपले चित्रकार प्रभाकर बरवे वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात, नोकरीला होते, ते राहिलंच... हो हो, थांबते. तो डबा आणलाय मी, रबर लावून. चिवडा आहे त्यात, चहाबरोबर घ्या.