300 डॉलरची कार्बाईन

दृश्य: गॅरेजमधलं टेबल, जुनी चादर अंथरलेली, तिच्यावर बंदूक. मॅगझिन (गोळ्यांचा डबा) काढलेलं, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा आतला जड तुकडा) मागे अडकवलेला.

आधीच सांगून टाकतो, ही बंदूक दिसायला वाईट आहे. म्हणजे तुम्ही मनात म्हणाल आणि तोंडावर बोलणार नाही, त्यापेक्षा मीच म्हणतो. काळं प्लास्टिक, वर एक चौकोनी ठोकळा, मागे दस्ता, मधेच पिस्तुलासारखी मूठ, एकूण बघितलं तर ड्रिल मशीन आणि रंगपंचमीची पिचकारी यांचं घाईघाईत लग्न लावल्यासारखं वाटतं. नाव हाय-पॉइंट 995. बनते ओहायोतल्या मॅन्सफिल्ड गावात, म्हणजे आम्ही राहतो त्या कोलंबसपासून गाडीने तासाभरावर. किंमत साधारण 300 डॉलर, दुकानानुसार थोडं इकडेतिकडे. आमच्या घरचं डिशवॉशर याच्यापेक्षा महाग होतं.

आता कार्बाईन म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यापुढे काय येतं, तर मंत्र्यांच्या ताफ्यातला पोलीस, गळ्यात आडवी लटकवलेली ती भोकाभोकांच्या नळीची बंदूक. ती स्टर्लिंग, आपल्याकडे कानपूरला बनायची, तिचा घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. ही तसली नाही हं. इथे ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी, परत ओढला की दुसरी, बस. पण काडतूस मात्र दोघींचं एकच, 9 मिलिमीटर. पिस्तुलाचं काडतूस, फक्त लांब नळीतून मारायचं. पिस्तूल-कॅलिबर कार्बाईन म्हणतात ते एवढंच.

कल्पना जुनी आहे. 1873 ची विंचेस्टर रायफल .44-40 चं काडतूस खायची, आणि काही वर्षांत कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्वर काढलं, म्हणजे घोड्यावरून फिरणाऱ्या माणसाला कमरेला आणि खोगिराला दोन वेगळ्या पिशव्या बांधायची गरज नाही. एक डबा, दोन बंदुका. हाय-पॉइंटनेही तेच केलं, या कार्बाईनचं दहा गोळ्यांचं मॅगझिन त्यांच्या स्वस्तातल्या सी-9 पिस्तुलात सरळ बसतं.

दृश्य: नळीवरून हात फिरतो, शेजारी मोजपट्टी.

नळी साडेसोळा इंच. हा आकडा हौसेने निवडलेला नाही. 1934 चा एक संघीय कायदा आहे, त्यात रायफलची नळी 16 इंचांपेक्षा आखूड असेल तर ती वेगळ्या जातीत जाते, सरकारकडे नोंदणी, बोटांचे ठसे, सगळं आलं. म्हणून अमेरिकेतली जवळपास प्रत्येक स्वस्त कार्बाईन सोळाच्या जरा पुढेच थांबते. गंमत म्हणजे 9 मिलिमीटरच्या काडतुसात दारू इतकी थोडी असते की दहा-बारा इंचांतच ती जळून संपते, पुढची नळी गोळीला फारसं काही देत नाही, ती आहे ती कायद्यासाठी. आणि खांद्याला लावून नेम धरायला बरी पडते म्हणून.

मला या बंदुकीत सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हिचे पैसे नेमके कुठे वाचवलेत ते उघड दिसतं. आपली आई बाजारात भांडं हातात घेऊन, उलटं करून, टिचकी मारून बघते ना, तसं करून बघा. टिचकी मारली की लोखंडाचा टणत्कार येत नाही, बद्द आवाज येतो. ते झमाक आहे. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, तांबं, या चार धातूंच्या जर्मन नावांची पहिली अक्षरं जोडून झालेला शब्द. वितळतं 400 अंशांच्याही आत, साच्यात ओतलं की तुकडा तयार, मशीनवर तासन् तास कोरत बसायला नको. दाराचे हँडल, जुन्या गाड्यांचे कार्ब्युरेटर, लहान मुलांच्या धातूच्या गाड्या, सगळे याच कुळातले. नळी अर्थातच पोलादाची आहे, तिथे काटकसर चालत नाही.

मग हा एवढा जाडा ठोकळा कशाला? तर महागड्या रायफलीत गोळी सुटताना बोल्ट नळीला कुलूप लावल्यासारखा अडकलेला असतो, दाब उतरला की सुटतो. ते कुलूप बनवायला अचूक काम लागतं, म्हणजे पैसा. हिच्यात कुलूपच नाही. बोल्ट नुसता जड आहे, आणि मागे स्प्रिंग. गोळी पुढे जाते, तेवढ्याच जोराने रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं पितळी टरफल, मागे ढकलते, पण जड बोल्ट हलायला जरा वेळ घेतो आणि तेवढ्यात गोळी नळीतून बाहेर गेलेली असते. दुकानाच्या दाराला कडी लावण्याऐवजी आतून तांदळाचं पोतं टेकवून ठेवावं तसं. याला ब्लोबॅक म्हणतात. झमाक पोलादापेक्षा हलकं, म्हणून तेवढंच वजन आणायला ठोकळा आणखी मोठा करावा लागतो, आणि म्हणून ही बंदूक अशी दिसते. कुरूपपणाचं कारण हिशोबात आहे, कारागीर आंधळा नव्हता.

लोक हसतात, ते तर चालूच असतं. 2019 मध्ये कंपनीने नव्या पिस्तुलाला नाव सुचवा म्हणून इंटरनेटवर विचारलं आणि पोरांनी मतं देऊन देऊन 'यीट कॅनन' हे नाव जिंकवलं, मराठीत भिरकाव-तोफ म्हणा, आणि कंपनीने आधी आढेवेढे घेतले आणि मग खरंच ते नाव ठेवलं. स्वतःवर हसता येणाऱ्या कंपनीबद्दल मला थोडं प्रेमच वाटतं. शिवाय वॉरंटी बंदुकीला आहे, माणसाला नाही, म्हणजे तुम्ही कितवे मालक हे विचारत नाहीत.

जास्त पैसे असतील तर पर्याय आहेत. केल-टेकची सब-2000 मधून दुमडते आणि पाठीवरच्या सॅकमध्ये मावते. रुगरची पीसी कार्बाईन 2017 च्या शेवटी आली, बोल्टमध्ये धक्का जिरवायला टंगस्टनचं वजन, ग्लॉकची मॅगझिनं चालतात, किंमत मात्र हिच्या दुप्पट. ती चांगली आहे, यात वाद नाही. मी घेतली नाही कारण डोक्यात आपलं मध्यमवर्गीय मीटर चालू असतं.

दृश्य: दुकानाचं काउंटर, फॉर्म, पेन.

विकत घेताना फॉर्म 4473 भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत तुमचं नाव तपासतो, लांब बंदुकीला वय किमान 18. माझं काम वीस मिनिटांत झालं, त्यातली दहा दुकानदाराला आडनावाचं स्पेलिंग सांगण्यात गेली. पण इथे आपल्या पोरांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून जमलं. एच-1बी वर असाल, स्टुडंट व्हिसावर असाल, तर संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे, वैध शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडून. 'नुसता वीकेंडला मित्राबरोबर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, जाऊन भाड्याची बंदूक मारली' हेसुद्धा त्यात येऊ शकतं. एका फोटोपायी व्हिसा घालवू नका, आधी वकिलाला विचारा. आणि भारतात? तिकडे 9 मिलिमीटर हे प्रतिबंधित बोअर, म्हणजे मनाई असलेला नळीचा व्यास, सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही.

दृश्य: इनडोअर रेंज. बाहेर बर्फ.

ओहायोच्या जानेवारीत उघड्या रेंजवर बोटं गोठतात, आणि बऱ्याच इनडोअर रेंजवर रायफलची वेगवान काडतुसं चालत नाहीत, मागच्या पोलादी भिंतीची वाट लागते. पिस्तुलाची चालतात. म्हणजे हिवाळ्यात खांद्याला लावून काही मारायचं असेल तर असली कार्बाईनच कामाची.

मला शिकवलं शेजारच्या म्हाताऱ्याने, आयुष्यभर ट्रक दुरुस्त केलेला माणूस, बोलतो कमी. त्याचे नियम चार: बंदूक भरलेलीच आहे असं धर, नळी कुणाकडे वळवू नकोस, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि निशाणाच्या मागे काय आहे ते बघ. पहिल्या दिवशी मी मॅगझिन घातलं, डावीकडचं हँडल ओढून सोडलं, ऐटीत नेम धरला, ट्रिगर ओढला, आणि नुसतं क्लिक. मला वाटलं झालं, स्वस्त माल, फसलो. म्हाताऱ्याने नळी समोरच ठेवायला लावली, थोडं थांबवलं आणि मग मॅगझिनच्या बुडावर तळहाताने एक थाप मारली. खट्ट. मी ते पूर्ण बसवलंच नव्हतं, त्यामुळे बोल्टने काडतूस उचललंच नव्हतं. माझा फोन हँग झाला की मी कंपनीला शिव्या देतो, तोच स्वभाव.

मग हँडल परत ओढून सोडलं, आणि गोळी सुटली. धक्का वाटला त्यापेक्षा जास्त, कारण तो जड बोल्ट मागे येऊन आपटतो ते खांद्याला कळतं, 'पिस्तुलाचंच तर काडतूस' या भ्रमात राहू नका. पण नेम! पिस्तुलाने 25 यार्डांवर मी कागदालाच लागलं तरी खूश होतो, आणि इथे दहाच्या दहा भोकं चहाच्या बशीत मावतील एवढ्यात. चार ठिकाणी टेकते ना, खांदा, गाल, दोन्ही हात, तेवढाच फरक. 50 वर नेम जुळवला की 100 यार्डांवर गोळी पाच-सहा इंच खाली येते, त्याच्यापुढे हिचं काम नाही. घरी आलो की हात आधी गार पाण्याने आणि साबणाने, शिसं असतं, मग पोराला उचलायचं. बंदूक तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. बायकोची तेवढीच अट होती आणि ती बरोबर होती.

दृश्य: काळा पडदा. आवाज थोडा वेळ थांबतो.

हिची एक गोष्ट मी टाळणार होतो. 20 एप्रिल 1999, कोलोरॅडोतली कोलंबाइन शाळा. 12 विद्यार्थी आणि एक शिक्षक त्या दिवशी मारले गेले, आणि वापरलेल्या बंदुकांमध्ये एक हीच होती, हाय-पॉइंट 995. ती विकत घेतली तेव्हा मारेकऱ्यांचं वय बसत नव्हतं, त्यांच्या 18 वर्षांच्या मैत्रिणीने गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या बाजारात, खाजगी विक्रेत्याकडून घेतली, ना फॉर्म ना तपासणी. पुढच्या वर्षी कोलोरॅडोच्या मतदारांनी गन शोमधली ती पळवाट बंद केली. मला परवडली म्हणून मी हिचं कौतुक करतोय, आणि परवडणारी वस्तू सगळ्यांनाच परवडते, हे टेबलावर ही चादर अंथरताना दर वेळी डोक्यात येतं. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. तिजोरीची किल्ली कुठे आहे ते मात्र मी दिवसातून दोनदा बघतो.

दृश्य: फोनच्या स्क्रीनवर वडील, पुण्यातली बाल्कनी, मागे तुळस.

बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झाले. हेच 9 मिलिमीटरचं काडतूस त्यांच्या डोळ्यांसमोरून किती गेलं असेल, पण आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही. मी रेंजवरून व्हिडिओ कॉल लावला तर म्हणाले, बंदूक राहू दे, केसचं बूड दाखव. मी जमिनीवरून एक उचलून कॅमेऱ्यापुढे धरली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बुडावरची अक्षरं वाचली.

"आमचं खडकीचं के एफ नाहीये हे."

"नाही हो बाबा, इथलंच आहे."

"बरं. आणि तो मागे ढीग कसला रे पिवळा?"

मी फोन फिरवला. सकाळपासूनच्या सगळ्यांच्या रिकाम्या केसेस, घोट्यापर्यंत.

"आम्हाला एकसुद्धा गेटबाहेर नेता यायची नाही," बाबा म्हणाले, "आणि तुम्ही पितळ तुडवता?"