लुकलुकता दिवा की सदा जागा पडदा?

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

फोन टेबलावर पडलेला आहे. पडदा बंद, आवाज बंद. त्याला हात न लावता आपल्याला दोन गोष्टी कळायला हव्या असतात: काही आलंय का, आणि आलं असेल तर आत्ता उठायलाच हवं का? या प्रश्नाला फोन बनवणाऱ्यांनी दोन उत्तरं दिली. पहिलं उत्तर म्हणजे कोपऱ्यातला बारीक एलईडी दिवा. दुसरं म्हणजे ऑलवेज-ऑन डिस्प्ले (थोडक्यात एओडी), ज्यात बंद पडद्यावरही घड्याळ आणि अ‍ॅपची चिन्हं मंद उजेडात दिसत राहतात. दुसरं पहिल्याची जागा घेतं असं आपल्याला दुकानात सांगितलं जातं. माझं म्हणणं असं की ते घेत नाही, आणि का घेत नाही हे समजलं तर आपल्या हातातल्या फोनमधून बरंच काही परत मिळवता येतं.

आधी दिव्याची रचना पाहू. ब्लॅकबेरीचा लाल दिवा अनेकांना आठवत असेल. अँड्रॉइड फोनांत नंतर आला तो आरजीबी एलईडी, म्हणजे एकाच इवल्याशा भागात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे. लाल दिव्याला सुमारे 2 व्होल्ट लागतात, हिरव्या-निळ्याला 3 च्या आसपास. तिघांचं प्रमाण कमीजास्त करून बाकीचे रंग तयार होतात. प्रमाण नीट जुळवलेलं नसेल तर पांढरा निळसर दिसतो आणि पिवळा हिरव्याकडे झुकतो.

खर्च किती? समजा दिवा 5 मिलिअँपिअर घेतो आणि दर 5 सेकंदांत अर्धा सेकंद पेटतो. म्हणजे एकूण वेळेच्या दहा टक्के. सरासरी अर्धा मिलिअँपिअर. रात्रीचे 8 तास लुकलुकला तर 4 मिलिअँपिअर-तास गेले. आजच्या 5000 च्या बॅटरीत हा एक टक्क्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी भाग आहे. त्या काळात फोनचा मुख्य प्रोसेसर झोपलेला राहू शकतो. लुकलुक करायला एक छोटं सर्किट पुरतं.

आता पडद्याकडे वळू. नोकियाने 2013 मध्ये ल्युमिया फोनांत ग्लान्स स्क्रीन दिली, आणि 2016 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस7 पासून ही सोय घरोघरी पोचली. ओएलईडी पडद्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः देतो, काळा पिक्सेल बंदच असतो. 1080 गुणिले 2400 च्या पडद्यावर सुमारे 26 लाख पिक्सेल असतात. घड्याळ आणि चिन्हांना त्यातले तीन टक्के लागले तर 78 हजारांच्या आसपास पेटले, बाकी सगळे बंद. एलसीडीत मात्र मागचा दिवा बहुतेक सगळ्या पडद्याला मिळून एकच, म्हणून तिथे हा प्रकार परवडत नाही. एलसीडीचा स्वस्त फोन घेणाऱ्याकडून दिवा काढून घेतला आणि बदल्यात काहीच दिलं नाही, ही गोष्ट मला खरोखर खटकते.

पण तीन टक्के पिक्सेल म्हणजे तीन टक्के खर्च, हा हिशेब चुकीचा आहे. पडदा चालवणारी चिप जागी असते, चित्र ताजं करत राहावं लागतं, दर मिनिटाला घड्याळ बदलतं, उजेडाचा आणि जवळिकीचा सेन्सर चालू असतो. म्हणून सर्वसाधारण फोनात ताशी अर्धा ते एक टक्का जातो असं धरा. दिवसाच्या 16 तासांत 8 ते 16 टक्के. एलटीपीओ जातीच्या पडद्यात चित्र ताजं करण्याचा वेग सेकंदाला एकदा इतका खाली आणता येतो, तेव्हा हा खर्च घटतो. 2022 च्या आयफोन 14 प्रोमध्ये ही सोय आली ती याच जोरावर.

आपल्या फोनाचा खरा आकडा घरी काढता येतो. रात्री 100 टक्के चार्ज करा, चार्जर काढा, फोन पडदा वर करून उघड्यावर ठेवा, सकाळी किती उतरली ते लिहा. दुसऱ्या रात्री ऑलवेज-ऑन बंद करून तेच करा. वायफाय आणि डेटा दोन्ही रात्री सारखाच ठेवा. फोन पालथा किंवा उशीखाली असेल तर सेन्सर पडदा बंद करतो आणि प्रयोग वाया जातो. आणखी एक: अंधारात पडदा आपला उजेड कमी करतो, त्यामुळे रात्रीचा आकडा दिवसापेक्षा कमीच येणार.

मग दिवा का गेला? मुख्य कारण जागेचं. पडद्याभोवतीची पट्टी बारीक झाली, वर कॅमेऱ्याची खाच आली, आणि दिव्याला जागा उरली नाही. वनप्लस 6 मध्ये दिवा होता, त्याच वर्षीच्या 6टी मध्ये नाही. सॅमसंगच्या 2018 च्या नोट 9 मध्ये होता, 2019 च्या एस10 मध्ये नाही.

आता मुद्द्याचं. दिवा एरवी बंद असतो, म्हणून तो पेटला की बातमी असते. ऑलवेज-ऑन पडदा कायम उजळलेला असतो, म्हणून त्याचा उजेड ही बातमी नसते. देवघरात समई तेवताना दिसली म्हणून कुणी ‘काय झालं?’ विचारत उठत नाही. बातमी शोधायला घड्याळाखालच्या इवल्या चिन्हांकडे मान वळवून बघावं लागतं. यामागे डोळ्याची घडणही आहे. नजरेच्या कडेला लुकलुक आणि हालचाल पटकन टिपली जाते, पण बारीक आकार तिथे ओळखता येत नाहीत. स्थिर, मंद चिन्ह नजरेच्या कडेला नसल्यासारखंच असतं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीन चालू असताना फोनची रिंग ऐकू येत नाही आणि बाकावरच्या फोनाचं कंपन कळत नाही. तिथे हा फरक नेमका जाणवतो. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला तर तो दिवसभर जाणवतो.

दिव्याच्याही मर्यादा आहेत, त्या झाकायला नकोत. एका वेळी एकच रंग दाखवता येतो. व्हॉट्सअ‍ॅप, बँक आणि मेल एकदम आले तर दोन गोष्टी दडून राहतात. पाच अ‍ॅपना पाच रंग लावण्याचा सोस फुकट जातो, कारण नजरेच्या कडेला रंगही नीट कळत नाहीत. दोन रंग पुरेत: घरच्यांसाठी एक, बाकी सगळ्यांसाठी एक. लाल आणि हिरवा ही जोडी टाळा. ज्यांना या दोनांतला फरक कळत नाही त्यांना ती एकच दिसते, आणि चार्जिंगसाठीही बहुधा हेच रंग वापरलेले असतात. निळा आणि पिवळा घ्या. जुन्या फोनात दिवा पेटतच नसेल तर आधी काच बघा. महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानांत बसवून मिळणाऱ्या काळ्या कडेच्या टेम्पर्ड ग्लासखाली दिवा झाकला जाऊ शकतो. जुन्या सॅमसंगमध्ये स्टार-हॅश-शून्य-स्टार-हॅश डायल केलं की तपासणीचा मेनू उघडतो, त्यात एलईडीचं बटण असतं.

ज्यांच्याकडे दिवा नाही त्यांनी काय करावं? सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, मग लॉक स्क्रीन अँड एओडी, मग ऑलवेज ऑन डिस्प्ले. तिथे ‘शो ऑलवेज’ऐवजी ‘शो फॉर न्यू नोटिफिकेशन्स’ निवडा. आता पडदा एरवी पूर्ण काळा राहील आणि काही आलं तरच उजळेल. दिव्याचा मूळ गुण यात परत मिळतो आणि बॅटरीही वाचते. जुन्या आवृत्तीत हा पर्याय नसतो, तिथे एओडीनोटिफायसारखं अ‍ॅप कॅमेऱ्याच्या छिद्राभोवती रंगीत कडं दाखवतं. अँड्रॉइड 14 पासून अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘फ्लॅश नोटिफिकेशन्स’ आहे: कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा रंगीत पडदा लुकलुकतो. आयफोनात हीच सोय अ‍ॅक्सेसिबिलिटीतल्या ऑडिओ-व्हिज्युअलमध्ये सापडते. फ्लॅश फार झगझगीत असतो. कारखान्यात चालेल, झोपायच्या खोलीत चालणार नाही.

पण हे सगळं करण्याआधी एक काम करा, नाहीतर पडदा दिवसभर उजळत राहील आणि पुन्हा त्याचा अर्थ जाईल. अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 पासून, प्रत्येक अ‍ॅपच्या सूचनांचे प्रकार वेगवेगळे असतात. नोटिफिकेशन आल्यावर त्याच्यावर बोट दाबून धरा, मग तो कुठल्या प्रकारातला आहे ते दिसतं आणि तेवढाच बंद किंवा ‘सायलेंट’ करता येतो. बँकेचा व्यवहाराचा संदेश ठेवा, तिच्याच कर्जाच्या जाहिराती बंद करा. पार्सल पोचल्याचं ठेवा, सवलतींचं बंद करा. आठवडाभर येईल तसं हे करत गेलात तर उरेल ते बघण्यालायक असेल.

काही आलं आणि पडदा उजळलाच नाही, ही तक्रार फार येते. तपासायचा क्रम असा ठेवा. दुसऱ्या फोनावरून संदेश पाठवा. तो लगेच दिसला, पण फोन चार्जरविना अर्धा-पाऊण तास पडून राहिल्यावर दुसरा दिसत नसेल, तर फोनने ते अ‍ॅप पार्श्वभूमीत झोपवलंय. अ‍ॅपच्या माहितीत बॅटरीखाली ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, शाओमीत ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करा. पहिलाही दिसला नाही तर डू नॉट डिस्टर्ब आणि बॅटरी सेव्हर बघा. बॅटरी सेव्हर बहुतेक फोनांत ऑलवेज-ऑन बंद करतो. तेही ठीक असेल तर वरच्या कडेची काच पुसा. तिथे धूळ किंवा जाड काच असली की जवळिकीच्या (प्रॉक्सिमिटी) सेन्सरला वाटतं फोन खिशात आहे. काही स्वस्त फोनांत ऑलवेज-ऑन पडदा जागा केल्यावर फक्त 10 सेकंद दिसतो. तो बिघाड नाही, कंपनीने तसंच ठेवलेलं आहे.

निफाडकडे थंडीत पारा उतरतो तेव्हा द्राक्षबागायतदाराला पहाटे बागेत शेकोटी पेटवायला उठावं लागतं. त्या इशाऱ्यासाठी दिवाही नको आणि पडदाही नको. झोपलेल्या माणसाला दोन्ही दिसत नाहीत. त्या एका अ‍ॅपला किंवा नंबरला आवाज द्या आणि डू नॉट डिस्टर्बमधून सूट द्या.

शेवटी जुना ओएलईडी फोन विकत घेणाऱ्यांसाठी. वर्षानुवर्षं घड्याळ दाखवलेल्या पडद्यावर त्याचा डाग उरू शकतो, कारण पेटलेले पिक्सेल, त्यातही निळे, लवकर थकतात. फोन दर काही वेळाने घड्याळ थोडं सरकवतो ते यासाठीच, तरी डाग पूर्ण टळतोच असं नाही. घेताना पूर्ण राखाडी रंगाचं चित्र पडद्यावर लावा, उजेड निम्म्याखाली आणा, दुकानाच्या सावलीतल्या कोपऱ्यात जा आणि मधल्या-वरच्या भागात आकड्यांची सावली दिसते का ते बघा. पांढऱ्या चित्रावर ती लपू शकते, आणि विकणारा बहुधा पांढरंच दाखवतो.