सणात मुलांच्या हाताला काम

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. तिळगुळ घ्या, गोड बोला, हे सगळ्यांचं म्हणून झालंय, तेव्हा मी सरळ विषयालाच हात घालते.

मगाशी इथे बोरन्हाण झालं. काळी झबली, हलव्याचे दागिने, चुरमुरे, उसाचे करवे. बोरं मिळाली नाहीत म्हणून गोळ्या-चॉकलेटं. ज्यांचं बोरन्हाण ती दोन्ही बाळं रडली, ते चालायचंच. माझं लक्ष होतं खाली वेचायला बसलेल्या मोठ्या मुलांकडे. पाच-सहा वर्षांची एक मुलगी फ्रॉकचा ओचा करून भराभर वेचत होती. तिच्या आईने तिला मागे ओढलं, "अगं, हावरटपणा नको, बाळाचं आहे ते." आता खरं सांगायचं तर ते बाळाचं नाहीच. बाळाच्या डोक्यावरून ओतायचं ते बाकीच्या पोरांनी लुटावं म्हणूनच. आज ज्याचा मान, त्याच्या अंगावरचा खाऊ दुसऱ्यांच्या ओंजळीत जायचा, अशी सोय जुन्या बायकांनी करूनच ठेवली आहे. त्या मुलीला मी म्हटलं, हवं तेवढं भर, आणि भिंतीपाशी तो लाजरा मुलगा उभा आहे ना, त्याला मूठभर दे. तिने दिलं. चॉकलेटं नाही दिली, चुरमुरे दिले. पण दिले!

मी नाशिकला पंचवटीत बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं. इथे आल्यापासून तुमच्यापैकी अनेकांनी एकच काळजी बोलून दाखवली: "ताई, परदेशात मुलांना आपलं काही कळणार कसं?" काळजी खरी आहे, पण ती फक्त परदेशातली नाही. रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर राहणारे आईबापही मला हेच विचारायचे. गोदावरी शेजारून वाहते म्हणून मुलाच्या अंगात आपोआप काही उतरत नाही. पूजा चालू आहे, मूल सोफ्यावर बसलंय, हातात मोबाइल; आरतीला तेवढं उभं करायचं, फोटो काढायचा, परत सोफा. हे नाशिकलाही चालतं. त्या मुलाला सणात काही काम नाही, मग ते कंटाळणारच.

काम द्या. दूर्वा तीन पानांच्याच निवडायच्या, हे चार वर्षांचं मूल तासभर करतं आणि आपल्यापेक्षा नेटकं करतं. कापसाच्या वाती वळू दे. वाकड्या होतील, तरी जळतात. अर्थ सांगायची घाई नको. हाताला सवय झाली की प्रश्न आपोआप येतात, आणि आलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तरच मुलाच्या लक्षात राहतं.

हे काम शेवटी दुसऱ्या कुणापर्यंत पोहोचायला हवं, एवढं मात्र बघा. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची यात्रा असते. त्या थंडीत गावोगावच्या दिंड्या पायी निघतात आणि कितीतरी दिंड्या नाशिकमधून पुढे जातात. आम्ही बालवाडीची मुलं रस्त्याच्या कडेला उभी करायचो, वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू द्यायला. प्रत्येक मुलाला दोन लाडू: एक त्याच्या खिशात, एक हातात. हे मुद्दाम सांगते. लहान मुलाला एकच लाडू देऊन "आता तो दुसऱ्याला दे" म्हटलं, तर त्याला ती शिक्षाच वाटते. स्वतःचा खिशात आहे याची खात्री असली की हातातला सुटतो.

एकदा आमच्यातल्या एका छोट्याने लाडू पुढे केला. समोरच्या म्हाताऱ्या वारकऱ्याने टाळ काखेत धरला, लाडू घेतला आणि वाकून त्या पोराच्या पायांना हात लावला. मुलगा दचकून माझ्या पदराआड. "बाई, ते माझ्या पाया का पडले?" मी उत्तर देणार, तोवर मागून येणारी, डोक्यावर तुळस घेतलेली बाईच चालता चालता म्हणाली, "तू बी माउलीच ना रं!" पुढे आठवडाभर तो वर्गात दिसेल त्याच्या पाया पडत होता. डबे धुणाऱ्या मावशींच्याही. मावशींना आधी संकोच वाटला, मग त्याही त्याच्या पाया पडू लागल्या.

आता प्रश्नांबद्दल. आमच्या गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे. पूर आला की नाशिककर एकमेकांना हेच विचारतात, "मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत, अशी आमची पूर मोजायची रीत. पूर ओसरल्यावर मुलं विचारणारच: "मारुती देव आहे, तर तो बुडतो कसा? त्याला पोहता येत नाही?" इथे मोठ्यांची एकतर हसण्यावारी न्यायची तऱ्हा, नाहीतर "देवाबद्दल असं बोलू नये" म्हणून दटावायची. मी विचारायची, तुला काय वाटतं? कुणी म्हणायचं, तो श्वास रोखून उभा असतो. कुणी म्हणायचं, ती नुसती मूर्ती आहे. दोघांनाही मी खोडून काढलं नाही. "आमच्या घरी असं मानतात, आजोबांचं मत वेगळं आहे" असं मुलापुढे मोकळेपणाने म्हणता येतं. त्याने श्रद्धा पातळ होत नाही. "बाप्पा रागावेल", "देव शिक्षा करील" हे मात्र घरातून हद्दपार करा. जेवायला लावायला देव वापरला की मूल देवाला जन्मभर पोलीस समजतं.

अवघड गोष्टीही टाळू नका. पंचवटीत काळाराम मंदिर आहे. मुलांना तिथे नेलं की मी राम-सीतेची गोष्ट सांगायची आणि थोड्या मोठ्या मुलांना आणखी एक सांगायची. २ मार्च १९३० रोजी याच दारांपाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं आली होती. मागणी एवढीच, की अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या आम्हालाही आत येऊन दर्शन घेऊ द्या. दारं बंद राहिली. काही वर्षं लढा चालला, तरी उघडली नाहीत. हे ऐकून एका मुलाने विचारलं, "मग रामाने आतून दार का नाही उघडलं?" मी म्हटलं, कडी माणसांनी लावली होती, ती माणसांनीच काढायची होती. त्याचं समाधान झालं असं काही दिसलं नाही. पण घरी जाऊन त्याने आजीला तोच प्रश्न केला आणि आजी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, भांडायला नव्हे, बोलायला. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगा, जरूर बाळगा, पण ज्यांना तिने दाराबाहेर ठेवलं त्यांची गोष्ट गाळून दयाळूपणा शिकवता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे बँकेत, फायनान्समध्ये नोकरी करणारे बरेच जण दिसतात, त्यांच्यासाठी एक गंमत. नाशिकजवळ पांडवलेणी आहेत, तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख कोरलेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. हा शक राजा नहपानाचा जावई. त्याने विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवले. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, त्यातून २० भिक्खूंना वर्षाचं वस्त्र. मुद्दलाला हात लावायचा नाही. सरळ मुदत ठेवच म्हणा की! आणि हाच माणूस ब्राह्मणांनाही दान देतो, नद्यांवर फुकट होड्यांची सोय करतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हा हिशेब फार आवडतो. मंडळाने मुलांचा असा एक छोटा निधी काढावा, आणि खर्च कशावर करायचा ते मुलांनीच ठरवावं, असं मी समितीला सुचवलंय.

काही घरांत आई एका धर्माची, वडील दुसऱ्या. दोन्हीकडच्या आजी-आजोबांना आपापल्या सणाचं एकेक काम नातवंडाला शिकवू द्या. गोंधळ मोठ्यांच्या डोक्यात असतो. आमच्या वर्गात ईदनंतर डब्यातून शीरखुर्मा यायचा, फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जाऊन आलेली मुलं तिथलं सांगत बसायची. त्या वयात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

बरं, पंगतीचा खोळंबा होतोय. पहिल्या पंगतीला आजी-आजोबांना बसवा. मीठ, लिंबू, पापड, गुळाची पोळी वाढायला मुलांना पाठवा. तूप आणि आमटी तेवढी मोठ्यांनी वाढा, सतरंज्या भाड्याच्या आहेत.