पोटातला पहिला झटका

मंडळी, दम धरून पाण्यात बुडी मारली की शरीर काय सांगतं, त्याची ही गोष्ट. आधी बसल्या जागी एक करून बघू. हात बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली ठेवा. नेहमीसारखा श्वास घ्या आणि रोखून धरा. त्रास झाला की सोडा, इथे पैज लागलेली नाही.

आधी काहीच वाटत नाही. मग आवंढा गिळावासा वाटतो, छाती तापते. ज्यांनी जास्त वेळ धरला, त्यांच्या हाताखाली पोट आतून एकदा उडालं असेल, उचकीसारखं. तो श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याचा झटका. समुद्रात खडपाखाली शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढताना हा झटका आला की नवखा पोरगा भेदरतो, त्याला वाटतं प्राणवायू संपला. तेव्हा प्राणवायू बहुतेक वेळा शिल्लक असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून मेंदूने मारलेली ती हाक आहे. माझं ऐका, हाक आली की शांतपणे वर या.

कारण प्राणवायू घटल्याची अशी हाक शरीर जवळजवळ देतच नाही. हे मला एकोणिसाव्या वर्षी मालवणला, चार वाव, म्हणजे सातेक मीटर पाण्यात कळलं. बुडीआधी भराभर वीस-पंचवीस श्वास घे, दम वाढतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. घेतले. ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं. मला वाटलं, ताकद आली. पण रक्त आधीच प्राणवायूने भरलेलं असतं, त्यात फारशी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढा निघून जातो, आणि हाक मारायला कुणी उरत नाही. खाली मला इतकं छान वाटत होतं! पोट एकदाही उडालं नाही. वर येताना हिरवं पाणी उजळत गेलेलं आठवतं. त्यापुढचं नाही. होडीतल्या चुलतभावाने केसाला धरून ओढलं, तेव्हा माझं डोकं पाण्याच्या हातभर खाली होतं.

इतक्या जवळ येऊन शुद्ध का गेली? दहा मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो. त्या जोरावर फुप्फुसातला उरलासुरला प्राणवायूही रक्तात शिरत राहतो. वर येताना दाब उतरतो, तो जोरही जातो, आणि सगळ्यात मोठा फरक शेवटच्या काही मीटरांतच पडतो. मुंग्या आल्या तर त्या दिवशी ती बुडी मारायचीच नाही. पाण्याबाहेर बसून राहा, साधे श्वास घ्या.

कानाचं वेगळं. दोन-तीन मीटरांतच दडे बसतात. दुखायची वाट बघू नका, दडा जाणवला की नाक चिमटीत धरून हलकेच फुंका आणि उतरताना फुंकत राहा. कान मोकळा होत नसेल तर परत या. सर्दी असेल तर उतरूच नका. जोर केल्याने पडदा फाटला तर गार पाणी आत शिरतं आणि वर-खाली कुठे तेच कळेनासं होतं. तेव्हा खडपाला किंवा दोराला धरा. आतलं पाणी कोमट झालं की गरगर थांबते.

बाकी काही जाणिवांना भ्यायचं कारण नाही. तोंडावर गार पाणी पडलं की नाडी मंदावते. घरी बालदीत तोंड घालून, मनगट कुणाच्या तरी हातात देऊन पाहा. लघवी लागते, कारण हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि शरीराला वाटतं अंगात पाणी जास्त झालं. प्लीहा, म्हणजे पोटात डावीकडे असलेला रक्त साठवणारा अवयव, आकसून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. इंडोनेशियातल्या बजाऊ जमातीच्या, बुड्या मारणाऱ्या लोकांची प्लीहा शेजारच्या शेतकऱ्यांपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी असल्याचं २०१८ साली संशोधकांनी दाखवलं.

चुलतभाऊ आता साठीला आलाय. मी खाली गेलो की तो वर थांबतो, तो गेला की मी. वर आल्यावर अर्धा मिनिट तरी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतो, कारण शुद्ध कधीकधी पहिले दोन श्वास घेऊन झाल्यावरही जाते.