पुलापलीकडचं हॉस्पिटल

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या विरार-पालघर-डहाणू पट्ट्यात 'रेफर' हा शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पेशंटला 'रेफर केलं', म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं, की घरातला एक जण पैशांच्या मागे धावतो, दुसरा गाडी शोधतो आणि तिसरा मोबाइलवर नकाशा उघडून मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा वरसाव्याचा पूल कोंडीने किती लाल दिसतोय ते बघतो. डॉक्टर काय म्हणाले, हे त्यानंतर विचारलं जातं.

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. माझे भावोजी पत्र्यावर ताडपत्री टाकायला चढले आणि घसरून पडले. डोक्याला मार लागला. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं, जखम शिवली आणि सांगितलं, मेंदूचे डॉक्टर आपल्याकडे नाहीत, मुंबईला हलवा. त्यात त्या डॉक्टरांचा काही दोष नव्हता, खरंच नव्हते त्यांच्याकडे. मनोरहून आम्ही दुपारी चारला निघालो. खानिवड्याचा टोलनाका ओलांडला, विरार फाटा गेला, वसई फाटाही बरा गेला. मालजीपाड्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच.

थोड्या वेळाने ड्रायव्हरने सायरन बंद केला. मी ओरडलो त्याच्यावर. तो शांतपणे म्हणाला, "काका, वाजवून करू काय? पुढचा कंटेनर उडून जाणार आहे का?" ताई ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा बघत बसली होती. मी पण तोच बघत होतो, पण बघत नसल्यासारखा. कोंडीत फिरणारा एक चणेवाला सवयीने आमच्या काचेवर टकटक करून गेला. आत नजर गेली तशी त्याने टोपली खाली घेतली आणि पुढच्या ट्रकच्या दारावर थापा मारायला लागला, "साइड दो, पेशंट है!" ट्रकवाले बिचारे खाली उतरले, एकमेकांना इशारे करू लागले. वीतभर जागा झाली. त्या जागेत आमच्याआधी दोन मोटरसायकली आणि एक पांढरी कार घुसली.

हे सांगायलाच हवं. अॅम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंड आहे. पण ज्याच्या चारी बाजूंना लोखंड आहे, त्या ट्रकवाल्याकडून दंड घेऊन काय होणार? अॅम्ब्युलन्सच्या मागे शेपटासारख्या लागणाऱ्या आणि उलट्या बाजूने गाडी घालून समोरची लेनही बंद करणाऱ्या आपल्याच लोकांना कोण पकडणार?

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मध्ये वसईची खाडी. नायगाव आणि भाईंदरच्या मधे खाडीवर रेल्वेचा पूल आहे, मोटारीचा नाही. २०२४ पासून गाड्याही नेणारी रो-रो बोट आहे, पण ती पेशंटसाठी नव्हे. म्हणजे वसई, विरार, पालघर, डहाणू, तलासरी, साऱ्यांना रस्त्याने मुंबई गाठायची तर वरसाव्याचंच तोंड. गुजरातचा माल तिथूनच येतो, आणि घोडबंदर रस्त्यावरून ठाणे आणि न्हावाशेवा बंदराकडे जाणारे कंटेनर तिथेच वळतात. २०२३ मध्ये नवा पूल खुला झाला तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते. मग घोडबंदर ते तलासरी १२१ किलोमीटरचं काँक्रीटीकरण निघालं, एक बाजू बंद, एक चालू. त्यात घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटाची दुरुस्ती आली की घोडबंदरची सगळी अवजड वाहतूक महामार्गावर. पर्यायी मनोर-वाडा-भिवंडी रस्त्यावरून डोक्याला मार लागलेला माणूस न्यायचा, तर नेण्याआधी दहा वेळा विचार करावा असे खड्डे.

२०२५ च्या जुलैअखेर याच महामार्गावर पालघरकडून मुंबईला निघालेल्या एका जखमी बाईंचा जीव गेला. वेदना कळू नयेत म्हणून दिलेली भूल वाटेतच उतरली होती. दोन महिनेही झाले नाहीत, सप्टेंबरात ससूनवघरजवळ अॅम्ब्युलन्समधलं दीड वर्षांचं लेकरू गेलं. दोन्ही वेळी चर्चा एकच: अवजड वाहनांना बंदी असताना ट्रक आले कसे, ट्रॅफिक वॉर्डन कुठे होते, खड्डे कोणी बुजवायचे. योग्यच आहे ती चर्चा. पण माझं म्हणणं वेगळं आहे. ती बाई आणि ते लेकरू त्या रस्त्यावर मुळात का होती, हे विचारायचं राहून गेलं.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, राज्यातला छत्तिसावा. जिल्हा झाला, जिल्हाधिकारी आले, नवं मुख्यालय झालं. महामार्गावर रोज अपघात, तारापूरला रासायनिक कारखान्यांची वसाहत, आणि मोठा अपघात झाला की आजही तोंड मुंबईकडे, नाहीतर वापी-सिल्वासाकडे. मनोरला ट्रॉमा सेंटरची, म्हणजे अपघातातल्या जखमींच्या हॉस्पिटलची, इमारत उभी राहतेय असं आम्ही किती वर्षं ऐकतोय! इमारत उद्या झालीही, पण रात्री दोन वाजता हाड जोडणारा, भूल देणारा, रक्त देणारा माणूस तिथे असेल का? आमच्याकडे भूलतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, हे लोकांना एसटीच्या वेळापत्रकासारखं पाठ असतं.

१०८ ची अॅम्ब्युलन्स सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, ९३७ गाड्यांनी, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर ही आपल्या राज्याची चांगली गोष्ट. शहरात २० मिनिटांत, गावात ३० मिनिटांत गाडी दाराशी यावी असा तिचा नियम. येतेही पुष्कळदा. पण दाराशी येण्याचं घड्याळ मोजतात, दुसऱ्या दारी पोचण्याचं कोणी मोजत नाही. अॅम्ब्युलन्स उपचारापर्यंत नेण्यासाठी असते. आमच्याकडे तिलाच हॉस्पिटल करून टाकलंय, चाकं लावलेलं, ऑपरेशन थिएटर नसलेलं.

भावोजी वाचले. साडेनऊला आम्ही पोचलो, रात्री ऑपरेशन झालं. डावा हात खांद्याच्या वर जात नाही अजून. दोन तास आधी आणलं असतं तर, असं तिथले डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

मागच्या आठवड्यात ताईकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्या शेजारी भिंतीवर तिने मार्करने तीन अॅम्ब्युलन्सवाल्यांचे नंबर लिहिलेत. त्यांच्याखाली डहाणू-विरार गाड्यांच्या वेळा. मी विचारलं, या कशाला? म्हणाली, "बसता येण्यासारखा पेशंट असला तर लोकलच बरी."